फोटोत माणूस नको

खेळाच्या नकाशात आमच्या गावाला
एक रस्ता आहे, एक तळं, बाकी राखाडी.
आम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही.
सगळ्यात जवळचा निळा ठिपका चर्चपाशी,
एकतीस किलोमीटरवर.
माझी ग्रंथालयाची बस तिथे जाते
फक्त गुरुवारी.

म्हणून वेइक्का, वय वर्षं अकरा,
दर गुरुवारी एकही पुस्तक न घेता चढतो,
चर्चसमोर खिडकीच्या काचेला फोन टेकवतो
आणि आठवड्याची बेगमी करून घेतो,
थंडीआधी लाकडं रचावीत तशी.

"ईर्या, आपल्या गावात काहीच कसं नाही?"
मी म्हटलं, आहे की. फळा आहे.

दुधाच्या कॅनचा जुना ओटा, त्याला लागून.
दूध जायचं कधीच थांबलं, ओटा राहिला.
फळा ताइस्तोनं ठोकला, वर पत्र्याचं छप्पर,
बायकोशी अबोला होता त्या आठवड्यात,
म्हणून डावीकडे कलला,
असं बायको सांगते.

नाव सुचवायला वयाची अट. अर्ज माझ्या नावानं.
अर्ज विचारतो: ही गोष्ट कायमची आहे का?
फळा आहे. फळ्यावरचं काहीच नाही.
धुराडं साफ करणारा मंगळवारी येतोय.
सौनाची शेगडी फुकट, उचलायची ताकद असेल तर.
शिकारमंडळाची बैठक, कॉफी मिळेल, जुनी भांडणं घरी ठेवावीत.
आणि टाचणीला एक लाल हातमोजा,
डाव्या हाताचा, मार्चपासून.

पायी पोचता येतं का? येतं, बर्फ उपसला तर.
लोक इथे जमतात का?
इथे माझं बोट अडलं.
जमतात म्हणजे, एकेकटे येतात, वाचतात, जातात,
आणि दुसऱ्या दिवशी
कुणाच्या तरी दारात चौघं उभे असतात
शेगडी उचलायला.
हे लिहिलं नाही.
लिहिलं: "गावाचे माहिती केंद्र."

फोटोचा नियम: माणूस नको.
"ओनेर्वाबाई, जरा बाजूला व्हा."
"वाचतेय."
स्वतःचीच सूचना वाचत होती, शुद्धलेखन तपासत.
सरकली शेवटी,
पण काठीची सावली राहिली फळ्यावर.
तसाच पाठवला.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं:
सर्वसाधारण वस्तू, असे फळे सगळीकडे असतात.
कुणी ठरवलं कोण जाणे, कुठल्या देशात,
जेवता जेवता, अंगठ्यानं.
राग नाही आला. त्यांना दिसली एक फळी, चार टाचण्या.
मीही नाहीच म्हटलं असतं.

वेइक्का म्हणाला, "कललाय ते सांगितलंस का?"

दुसरा अर्ज त्यानंच सांगितला, मी टाइप केला:
"हा फळा वाकडा आहे, सगळ्यांना कारण माहीत आहे.
हातमोजा कुणी नेत नाही
आणि कुणी काढतही नाही.
असं दुसरीकडे असेल तर कळवा."

फोटो फेब्रुवारीतला, सकाळी अकराचा, उणे बावीस.
माणूस एकही नाही.
ताज्या बर्फात फक्त पावलं,
तीन दिशांनी आलेली,
फळ्यापाशी थबकून एकमेकांत मिसळलेली.
पावलांबद्दल नियम काही म्हणत नाही.

मंजूर.

राखाडीत निळा ठिपका उगवला,
आणि गुरुवारी वेइक्का बसमध्ये चढला नाही.
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
फळ्यापाशी उभा होता, नाक फोनमध्ये,
शेजारी ओनेर्वा:
"पोरा, बैठकीतली वेलांटी बघ,
पहिली आहे की दुसरी?"

मी इंजिन चालू ठेवून उतरले.
पाठकोऱ्या पावतीवर लिहिलं:
गुरुवारची बस, खिडकीची जागा रिकामी.
टाचणी शिल्लक नव्हती.
हातमोज्याचीच काढली,
चिठ्ठी आणि मोजा
दोघांतून एकदमच टोचली.